बर्लिनची चाळ आणि आपल्या लेखातील दोन वाक्यं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात बर्लिनवर लेख आला होता. माझ्या धाकट्या भावाने तो फोटो काढून मला इथे पाठवला. लेख वाचनीय आहे, पण त्यातली दोन वाक्यं वाचून माझा चहा तसाच राहिला. पहिलं : ‘जर्मन माणसाला चाळ हा प्रकारच ठाऊक नाही.’ दुसरं : ‘वेडिंगसारख्या कामगारवस्त्या त्यांनी वेळीच जमीनदोस्त केल्या, म्हणून आज तिथे मोकळा श्वास घेता येतो.’ गेले दहा आठवडे मी वेडिंगमध्येच राहते आहे. ज्या घरात राहते त्याला चाळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, हे लेखकांनी येऊन सांगावं.

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. लग्नानंतर परळ. एकतीस वर्षं महापालिकेच्या घरपट्टी खात्यात काढली, आधी कारकून आणि नंतर निरीक्षक म्हणून. लोकांच्या खोल्या मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की माझी नजर आधी भिंतीकडे जाते, मग माणसांकडे. लेकीच्या बाळंतपणासाठी इथे आले. येताना मेथीचे लाडू आणि डिंक आणला, टेप मात्र आणायचा राहिला. तो इथे विकत घेतला तेव्हा जावईबापू बराच वेळ हसत होते.

आमच्या इमारतीच्या कमानीवर १८८१ साल कोरलेलं आहे. रस्त्याकडून पाहिलं तर पाच मजली, भारदस्त, खिडक्यांभोवती चुन्याची वेलबुट्टी. दारावर बेलच्या चोवीस पट्ट्या, प्रत्येकीवर नुसतं आडनाव. खोली नंबर नाहीच. त्यामुळे पार्सलवाला फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो ‘फोर्डरहाउस की हिंटरहाउस?’ म्हणजे पुढची चाळ की मागची. जर्मनमधलं हे पहिलं वाक्य मला कुणी न शिकवता कळलं. आमचं हिंटरहाउस. कमानीखालच्या बोळातून आत गेलं की चौक लागतो, इथे त्याला ‘होफ’ म्हणतात. दोन्ही हातांना बाजूच्या इमारती, समोर आडवी इमारत, तिच्या पोटात पुन्हा बोळ, आणि पलीकडे दुसरा चौक. आमचा जिना त्या दुसऱ्या चौकात. तळमजल्यावर एप्रिलमध्येही दुपारी दोनला दिवे लागतात.

गॅलरी नाही, हे कबूल. या थंडीत सामायिक गॅलरी कोण वापरणार! तिची सगळी कामं इथे जिना करतो. आणि जिन्यावरच मला माझी खरी ओळखीची जागा भेटली. दोन मजल्यांच्या मध्ये, जिथे जिना वळतो तिथे, भिंतीत एक अरुंद दार आहे. खालून बोटभर फट, वर हाताएवढी खिडकी. पहिल्या दिवशी बघितल्याबरोबर मी लेकीला म्हटलं, ‘हा संडास.’ ती म्हणाली, ‘छे गं आई, स्टोअररूम आहे.’ तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. एका संडासाला दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं. हिवाळ्यात पाइप गोठू नये म्हणून आत रॉकेलचा दिवा तेवत ठेवायचा. आता तिथे आमची बाबागाडी असते.

घरांचं माप बघा. मागच्या इमारतींमधलं ठरलेलं घर म्हणजे ‘श्टुबे उंड क्युशे’, एक खोली आणि स्वयंपाकघर. आपलं वन रूम किचन. न्हाणीघर मुळात नव्हतंच. आमच्या घरातलं आत्ताचं न्हाणीघर स्वयंपाकघरातून कापून काढलंय, ते कळतं, कारण तिथली खिडकी अर्धी स्वयंपाकघरात आणि अर्धी शॉवरवर आहे. मला हे बघून फार घरच्यासारखं वाटलं. आमच्या चाळीत मोरीला पार्टिशन घातलं तेव्हा खिडकीचं नेमकं हेच झालं होतं.

आता हे चौक असे का, ते सांगते, कारण लेखकांच्या पहिल्या वाक्याचं उत्तर त्यातच आहे. वेडिंग म्हणजे बर्लिनच्या उत्तरेची वाळूची जमीन. मधून पांके नावाचा ओढ्याएवढा प्रवाह जातो. त्याच्या काठी कातडी कमावण्याचे कारखाने आले आणि लोक त्याला ‘श्टिंके पांके’, म्हणजे नासकी पांके म्हणू लागले. त्याआधी अठराव्या शतकात इथे औषधी पाण्याचा झरा होता. शेजारचा भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो : गेझुंडब्रुनेन, आरोग्याची विहीर. वायव्येकडे जाणारा मोठा रस्ता म्युलरस्ट्रासे. म्युलर म्हणजे पीठगिरणीवाला, कारण त्या रस्त्यावर पवनचक्क्या होत्या. गिरणगावातून उठून मी पुन्हा गिरण्यांच्याच रस्त्यावर आले म्हणायची.

१८६१ साली वेडिंग बर्लिन शहरात घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी जेम्स होब्रेश्ट या अभियंत्याने शहर वाढीचा आराखडा दिला. याच माणसाने पुढे बर्लिनची भूमिगत गटारं बांधली आणि ती उत्तम बांधली, त्याबद्दल त्याला शंभरपैकी शंभर. आराखड्यात मात्र त्याने रस्ते आखले, रुंद आणि सरळ, आणि दोन रस्त्यांमधले जमिनीचे तुकडे फार खोल ठेवले. त्या खोल तुकड्यांत काय बांधायचं ते मालकावर सोडलं. नियम होता तो १८५३ चा : चौक कमीत कमी ५.३४ मीटर लांब आणि तेवढाच रुंद हवा. का? अग्निशमन दलाचा पंप आत वळला पाहिजे म्हणून. माणसाला उजेड किती हवा याचा त्यात विचार नव्हता. मी आमचा मागचा चौक मोजला. अरुंद बाजूने ५ मीटर ८२ सेंटिमीटर. मालकाने पंपासाठी जेवढं सोडणं भाग होतं त्यावर जेमतेम दोन विती जास्त सोडल्या. एकतीस वर्षांत असे मालक मी भरपूर पाहिलेत.

अशा इमारतीला जर्मन भाषेत ‘मीट्सकाझेर्ने’ म्हणतात, म्हणजे भाड्याची बराक. शब्द त्यांचाच आहे, मी बनवलेला नाही. १८७१ ला बर्लिनची वस्ती आठ लाखांच्या वर होती, १९०० ला एकोणीस लाखांच्या घरात गेली. सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया इथून माणसं रेल्वेने आली आणि एईजीसारख्या कारखान्यांत लागली. आकरस्ट्रासे १३२ इथे १८७४ च्या सुमारास एका कापड कारखानदाराने ‘मायर्स होफ’ बांधला. एकामागे एक सहा चौक, आणि भरभराटीच्या काळात आत दोन हजारांच्या आसपास माणसं. मधल्या इमारतींत कारखाने, बेकरी, स्नानगृहसुद्धा. एका पत्त्यावर दोन हजार माणसं म्हटल्यावर मला आमच्या खात्याचं रजिस्टर आठवलं.

दोन शब्द मात्र मला इथे नवे मिळाले. एक ‘श्लाफबुर्शे’, नुसत्या झोपण्यापुरता भाडेकरू. दुसऱ्याच्या घरातला पलंग काही तासांसाठी भाड्याने घ्यायचा, पाळी सुरू झाली की उठायचं, त्या जागी रात्रपाळीचा माणूस येऊन झोपणार. शब्द नवा, गोष्ट नवी नाही. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत बाराजण पाळीपाळीने राहायचे आणि माझी आई त्यांची खानावळ चालवायची. दुसरा शब्द मात्र खरोखरच नवा : ‘ट्रोकनवोनर’, घर वाळवणारे. नव्या इमारतीच्या भिंती ओल्या असायच्या. त्यात पैसेवाला भाडेकरू कसा येणार? मग मालक कफल्लक कुटुंबांना नाममात्र भाड्यात तिथे ठेवायचा. त्यांच्या चुलीने आणि अंगाच्या उबेने भिंती वाळल्या की त्यांना काढायचं. ती कुटुंबं पोरंबाळं घेऊन पुढच्या ओल्या घरात. हे ऐकल्यापासून मी आमच्या खोलीच्या भिंतीला उगाच हात लावून बघते.

होब्रेश्टची मात्र कल्पना होती की एकाच इमारतीत पुढे साहेब आणि मागे कामगार राहिले तर दोघांची मुलं एकाच बोळातून शाळेला जातील, ओळख होईल, अडीअडचणीला पुढचा मागच्याच्या उपयोगी पडेल. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी याच वस्तीत वाढल्या, त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी. त्यांना मी लेकीकडून हे विचारलं. त्यांनी काही न बोलता मला खाली नेलं आणि बोळातली एनॅमलची पाटी दाखवली : चौकात, बोळात आणि जिन्यावर मुलांनी खेळण्यास मनाई आहे. पाटीखाली गालिचे झोडपायचा लोखंडी दांडा अजून आहे. तो मुलांचा झोका होता, म्हणाल्या, पहारेकरीण येईपर्यंत.

आता दुसरं वाक्य. ‘जमीनदोस्त केल्या म्हणून मोकळा श्वास.’ इथे मला घरपट्टीवाली म्हणून बोलायचा हक्क आहे, कारण वेडिंगला मोकळा श्वास आधी एका करातून मिळाला.

१९२३ च्या महागाईत जर्मन मार्क मातीमोल झाला. ज्या घरमालकांनी कर्ज काढून इमारती बांधल्या होत्या त्यांचं कर्ज त्यात वितळून गेलं, इमारत मात्र जागेवर उभी. फुकटात झालेल्या या फायद्यावर सरकारने १९२४ मध्ये कर बसवला, ‘हाउसझिन्सश्टॉयर’. जुन्या घरांवर वसूल करायचा आणि त्यातला काही भाग नव्या घरांना स्वस्त कर्ज म्हणून द्यायचा. जुन्या चाळींच्या पट्टीतून नव्या चाळी! माझ्या नोकरीच्या काळात हे कुणी मला सांगितलं असतं तर बिलं वाटताना माझी मान जरा ताठ राहिली असती.

त्या पैशाच्या आधाराने वेडिंगमध्ये शिलरपार्कशेजारी १९२४ ते १९३० या काळात ब्रुनो टाउट या वास्तुविशारदाने एक वसाहत बांधली. मालक एक सहकारी संस्था, १८९२ साली स्थापन झालेली, आजही तीच. मी नातवाला घेऊन आठवड्यातून तीनदा तिथे जाते. आमच्याकडून बाबागाडीने पंचवीस मिनिटं. लाल विटा, सपाट छप्पर, तीन-चार मजले, प्रत्येक घराला आपली लॉजिया किंवा बाल्कनी. इमारती रस्त्याच्या कडेने आणि मधोमध मोठी बाग, म्हणजे जो चौक मालकांनी भरून टाकला होता तो टाउटने रिकामा केला. प्रत्येक घरात न्हाणीघर आणि संडास. आजींच्या जिन्यावर दोन बोटं होती त्याच काळात. आत जायचा योग आला नाही, पण बागेच्या कडेने मी पावलं मोजली आणि पंचेचाळीसला सोडून दिलं, कारण नातू उठला. रस्त्यांची नावं ब्रिस्टल, डब्लिन, ऑक्सफर्ड अशी. युनेस्कोने २००८ साली बर्लिनच्या सहा वसाहती जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यातली ही एक.

सहकारी म्हटल्यावर आपल्या वाचकांचा गैरसमज नको. आपल्या सोसायटीत घर आपल्या नावावर असतं, आपण ते विकतो. इथे सभासद हिस्से घेतो, राहण्याचा हक्क मिळवतो आणि दरमहा वापराचे पैसे भरतो. घर विकता येत नाही, त्यामुळे त्याचा भाव चढला तरी तिथल्या म्हातारीला त्याचं काही नाही.

मग युद्ध आलं. वस्ती बॉम्बमध्ये सापडली. हुम्बोल्डहाइन नावाच्या बागेत आज जी टेकडी आहे ती निसर्गाची नाही. १९४१-४२ मध्ये तिथे विमानविरोधी तोफांचा काँक्रीटचा बुरूज बांधला, युद्धानंतर फ्रेंचांनी तो उडवायला घेतला, आणि रेल्वेला धोका नको म्हणून उत्तरेची बाजू तशीच राहिली. त्यावर पडलेल्या घरांचा राडारोडा रचला, झाडं लावली. मी जिना चढून वर गेले. खाली गुलाबाची बाग, आणि उरलेल्या भिंतीवर दोर लावून तरणी पोरं चढत होती. पायाखाली कुणाकुणाची स्वयंपाकघरं होती, कोण जाणे.

युद्धानंतर जेत्यांनी शहर वाटून घेतलं, त्यात वेडिंग फ्रेंचांच्या विभागात, म्हणजे पश्चिम बर्लिनमध्ये गेलं. बर्नाउअर स्ट्रासेवर सीमा अशी पडली की दक्षिण बाजूची घरं पूर्वेत आणि त्यांच्या दारापुढचा फूटपाथ पश्चिमेत, म्हणजे वेडिंगमध्ये. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत आली तेव्हा लोकांनी खिडक्यांमधून उड्या मारल्या. २२ ऑगस्टला इडा झीकमान नावाची बाई तशी उडी मारताना गेली, भिंतीमुळे गेलेली ती पहिली. नंतर खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या रस्त्याला मी एकदाच गेले. पुन्हा गेले नाही.

पाडापाडी झाली ती यानंतर, म्हणजे लेखकांचं ‘वेळीच’ सुद्धा चुकलं. १९६३ मध्ये पश्चिम बर्लिनने शहर नूतनीकरणाचा पहिला कार्यक्रम काढला. विली ब्रांट तेव्हा महापौर होते. वेडिंगचा ब्रुनेनस्ट्रासेचा भाग त्यात सर्वात मोठा. रस्तेच्या रस्ते रिकामे केले. मायर्स होफचा युद्धातून वाचलेला शेवटचा भाग १९७२ मध्ये सुरुंगाने उडवला. माणसं शहराच्या उत्तर टोकाला मेर्किशेस फिअर्टेलच्या उंच इमारतींत गेली. आजींचं कुटुंब त्यातच गेलं. मी विचारलं, आवडलं का? त्यांची आई पहिल्या दिवशी दर तासाने न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याचा नळ सोडून बघायची, असं म्हणाल्या, आणि हसल्या. मग म्हणाल्या, पण अकराव्या मजल्यावरून मुलाला जेवायला हाक कशी मारायची? लग्नानंतर त्या परत वेडिंगमध्ये आल्या, या जिन्यावर. तेव्हाही संडास अर्ध्या जिन्यावरच होता.

म्हणजे पाडण्याने काहीच मिळालं नाही असं मी म्हणत नाही. गरम पाणी मिळालं. पण बर्नाउअर स्ट्रासेला उत्तरेकडे सत्तरच्या दशकातले ठोकळे आणि दक्षिणेकडच्या गल्ल्यांत जुनी वेलबुट्टीची घरं अजून दिसतात. पूर्वेकडच्या सरकारकडे सगळं पाडून बांधायला पैसा पुरला नाही म्हणून ती वाचली, असं इथे सगळे म्हणतात. आज सर्वात महाग घरं तीच. वेडिंगमध्येही जी वाचली त्यांच्यात नंतर संडास आत घेतले, कोळशाच्या शेगड्या गेल्या, कुठे मधली एखादी इमारत काढून दोन चौकांचा एक केला. आमच्या चौकात आता चेस्टनटचं झाड आहे आणि या आठवड्यात त्याला पांढरे तुरे आलेत. भिंती १८८१ च्याच.

घराचं भाडं हा इथे रोजचा विषय आहे, कारण बर्लिनमध्ये बहुतेक माणसं भाड्यानेच राहतात. जुन्या घरांची भाडी पश्चिम बर्लिनमध्ये १९८७ अखेरपर्यंत बांधलेली होती. भाडं बांधलं की मालक कौल बदलत नाही, हे आपल्याला १९४७ च्या भाडे कायद्यापासून पाठ आहे. सोडलं की काय होतं ते आता इथे दिसतं. २०२० मध्ये बर्लिनने पुन्हा भाड्यावर कमाल मर्यादा आणली. पुढच्याच वर्षी घटना न्यायालयाने तो अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा, असं म्हणून ती रद्द केली. लेकीला हे बासष्ट चौरस मीटरचं घर मिळायला सात महिने लागले. घर बघायला बोलावलं त्या दिवशी रांग जिन्यावरून बोळापर्यंत होती. घरमालक कंपनीचं भाडेवाढीचं पत्र मी असतानाच आलं. जावयांनी ते भाडेकरू संघाकडे नेलं. तिथल्या बाईंनी आधी क्षेत्रफळ तपासायला सांगितलं. म्हटलं, माझ्याकडे टेप आहे. भरलं ५९.४. मी दोनदा मोजलं.

पत्र लांबलं, याची जाणीव आहे. छापताना कापावं लागलं तर लालबागचं कापा, पण कराचं साल आणि चौकाचं माप ठेवा. आपल्याकडे बीडीडी चाळींच्या जागी बांधलेल्या नव्या घरांच्या चाव्या वाटल्या जात असताना लोक असे लेख घरात वाचून दाखवतात, आणि ‘जर्मनीने बघा, सगळं पाडलं’ हे वाक्य मी भावाच्या फोनवर तीनदा ऐकलंय. दोन्ही वाक्यांची दुरुस्ती छापावी, एवढीच विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
लालबाग, मुंबई (सध्या मुक्काम वेडिंग, बर्लिन)
नाव छापू नये.

ता. क. : लेखाबरोबरच्या छायाचित्राखाली ‘वेडिंगमधील वसाहत’ असं छापलं आहे. ते वेडिंग नाही. मधोमध तळं आणि भोवती घोड्याच्या नालेसारखी वळलेली इमारत म्हणजे टाउट आणि मार्टिन वाग्नर यांची ब्रिट्झची वसाहत, ती शहराच्या दक्षिणेला आहे. आमच्याकडून गाडी बदलून जावं लागतं.